डोमेन क्लायंटच्याच नावावर घ्या

एका लेखात म्हटलंय की डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) वेबसाइट बनवणाऱ्या डिझायनरने स्वतःच्या अकाउंटवर घ्यावं म्हणजे क्लायंट टिकून राहतो, हे मला अजिबात पटलं नाही. मी सांगलीत ८ वर्षं वेबसाइटची कामं करतोय, दवाखाने, क्लासेस, हळदीचे व्यापारी असेच सगळे क्लायंट. एका हळदवाल्या काकांचं डॉट कॉम डोमेन आधी वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर होतं, तो पुण्याला गेला, नंबर बदलला, रिन्यूअलचे मेल त्यालाच जात राहिले आणि डोमेन एक्स्पायर झालं. एक्स्पायर झाल्यावरही रिन्यू करायला काही दिवस मिळतात, नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड (डोमेन सोडवून घ्यायची मुदत) असतो त्यात जास्त पैसे भरून परत घेता येतं, पण लॉगिनच नाही तर काका काय करणार? माझ्याकडे आले तेव्हा नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलेलं, आणि दुकानात छापून ठेवलेली हळदीची हजारभर पाकिटं, प्रत्येकावर तोच पत्ता.

तेव्हापासून मी क्लायंटच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डाने डोमेन घ्यायला लावतो, पासवर्ड त्याच्या वहीत लिहून देतो. मेन्टेनन्सचे पैसे वेगळे घेतो आणि लोक देतात हो, काम वेळेवर झालं की कोण कशाला सोडून जाईल?