खाऱ्या वाऱ्यात सोन्याचे जॅक

गणपती जवळ आले, चाकरमान्यांची तिकिटं निघाली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. माळ्यावरचा जुना अँप्लिफायर ‘नव्याहून भारी’ करायचे सहा उपाय त्यात दिलेत: जॅक आणि सॉकेट सोन्याच्या मुलाम्याचे बसवा, सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) सरसकट बदला, फिल्टरचा, म्हणजे सप्लाय सपाट करणारा कंडेन्सर चौपट मोठा घाला, पॉवर कॉर्ड जाड घ्या, टू-पिन काढून थ्री-पिन लावा म्हणजे हम (स्पीकरमधली सततची घूंघूं) जाईल, आणि परदेशी सेट असेल तर स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) जोडा. खाली एक ओळ: ‘कुणीही घरी अर्ध्या तासात करू शकतं.’

लिहिणाऱ्याने कोकणातला पावसाळा बघितलेला दिसत नाही. सहाही उपाय पूर्ण खोटे नाहीत, आणि पंचाईत तीच आहे.

सोन्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. सोनं गंजत नाही हे खरं. पण ते तांब्यापेक्षा चांगली वीज वाहून नेतं हे साफ चूक. आधी चांदी, मग तांबं, आणि सोन्याचा नंबर त्यांच्या मागे. सोन्याचा फायदा फक्त पृष्ठभाग स्वच्छ राहण्याचा. आता बाजारातल्या स्वस्त ‘गोल्ड’ जॅकवर हा थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ असू शकतो, आणि इतक्या पातळ थराला बारीक छिद्रं असतात. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं: आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. खाऱ्या वाऱ्याने जॅकवर बसलेला मिठाचा थर असाच ओला होतो, छिद्रांतून आत जातो आणि खालचं तांबं-पितळ खाऊ लागतो. वर सोनं, आतून हिरवं. शिवाय जुन्या सेटचं सॉकेट टिनच्या लेपाचं असेल तर त्यात सोन्याचा जॅक खुपसणं म्हणजे जोडी बिघडवणं. ओलाव्यात दोन वेगळे धातू भिडले की त्यांतला लवकर गंजणारा धातू झिजतो, आणि इथे तो टिन असतो. टिनला टिन, निकेलला निकेल, एवढं पाळलं तरी पुरे.

मग खरखर कशाची? बहुतेक वेळा जॅकची नसतेच. व्हॉल्यूमच्या कंट्रोलमधला मळ, सिलेक्टर स्विचवरची काजळी, जड ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी तडकलेलं सोल्डर, या तीन जागा आधी बघा. जपानी अँप्लिफायरमध्ये चौथी जागा स्पीकरच्या रिलेची, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची. एका बाजूचा आवाज जातो आणि व्हॉल्यूम जोरात केला की परत येतो, असं होत असेल तर रिलेचे काँटॅक्ट काळे पडलेत असं समजा. काँटॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, दुखऱ्या जागी नवं सोल्डर, एवढ्यावर बरेच सेट उभे राहतात. रॉकेल किंवा खोबरेल मात्र नको. त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे बुरशी येते.

स्पीकरच्या वायरचंही तेच. 1.5 स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर ओढली तर जाऊन-येऊन रोध सुमारे 0.12 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरपुढे हा आकडा कानाला कळत नाही. कळतं ते टोकाला काळं पडलेलं तांबं. दरवर्षी टोक इंचभर कापून पुन्हा सोलायचं, संपलं.

‘सगळे कंडेन्सर बदला’ या उपायात मात्र अर्धं शहाणपण आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, त्यांचा आतला रोध वाढतो, आणि दर 10 अंश तापमानवाढीला आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या माळ्यावर मे महिन्यात पडलेल्या सेटचं काय होत असेल ते ओळखा. फुगलेले, तळाशी पाझरलेले, मीटरवर नापास झालेले जरूर काढा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे) जाणारा मेणकागदी कंडेन्सर तर न तपासताच बदला; तो गळू लागला की व्हॉल्व्ह जादा करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मेन सप्लायवर लावलेले जुने कागदी कंडेन्सरही तसेच. त्यांचं कवच तडकतं, दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी घरभर धूर.

पण मायका, सिरॅमिक, पॉलिएस्टर यांना हात का लावायचा? ते सहसा जात नाहीत. जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी मात्र दुसऱ्यांदा सोल्डरची इस्त्री लावली की उचकटते. चांगला चालणारा बोर्ड ‘रिकॅप’च्या, म्हणजे सगळे कंडेन्सर बदलण्याच्या नादात मेलेला आणून दाखवतात, तेव्हा रागही येतो आणि वाईटही वाटतं.

चौपट फिल्टरचा उपाय सगळ्यात फसवा, कारण त्याचं गणित कागदावर बरोबर येतं. 1 अँपिअरच्या भाराला 4700 मायक्रोफॅरडवर 100 हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेली लहर, सुमारे 2 व्होल्ट. कंडेन्सर वाढवला की तो त्याच प्रमाणात घटतो. मात्र कंडेन्सर भरण्याचे करंटचे झटके अरुंद आणि उंच होतात. ते सोसायचे डायोडने आणि ट्रान्सफॉर्मरने. व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असेल तर उत्पादकानेच मर्यादा दिलेली असते: ईझेड81 ला 50 मायक्रोफॅरड, जीझेड34 ला 60. चौपट घातल्यावर चालू करताच फ्यूज उडतो. मग कुणीतरी मोठ्या अँपिअरचा फ्यूज बसवतो, नाहीतर सरळ तांब्याची तार गुंडाळतो. पुढे जळतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि तसाच पुन्हा मिळत नाही. मूळ आकडा ठेवा, किंवा थोडा वर. व्होल्टेजचं रेटिंग मूळच्या खाली कधीच नको, आणि फ्यूज पाठीमागे छापलाय तोच.

जाड पॉवर कॉर्ड? खांबावरून घरापर्यंतची वायर ॲल्युमिनियमची, मीटरचं टर्मिनल सैल, संध्याकाळी लाईट डिम. या सगळ्यानंतरचा शेवटचा दीड मीटर बदलून काय साधणार? इन्सुलेशन तडकलं असेल तर कॉर्ड बदला. बाकी पैसे चांगल्या स्टॅबिलायझरला द्या. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’मध्ये खांब आडवे झालेले आपण पाहिलेत, न्यूट्रल तुटला की 230 च्या जागी घरात किती येईल याचा भरवसा नसतो. आणि वळीव गडगडायला लागला की प्लग काढून ठेवायचा. बटण बंद करून भागत नाही.

थ्री-पिनबद्दल जरा थांबून वाचा, इथे जिवाचा प्रश्न आहे. ट्रान्सफॉर्मरवाला, धातूच्या पेटीचा अँप्लिफायर असेल तर आर्थिंग चांगलंच. पण काही जुने रेडिओ एसी-डीसी जातीचे असतात. त्यांना मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट सप्लायच्या एका तारेला जोडलेली असते. तिला आर्थ जोडलात आणि ती तार फेजची निघाली तर सरळ शॉर्ट. असा सेट लाकडी पेटीत, मागचं झाकण लावून, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच (सेट मेन सप्लायपासून अलग ठेवणाऱ्या) चालवायचा. दुसरं, ‘हम जाईल’ हे वचन. आर्थ असलेली दोन उपकरणं एकमेकांना जोडली की आर्थच्या तारांचा वळसा तयार होऊन हम उलट येऊ शकतो. म्हणून कुणी आर्थची पिनच कापतात. ते अजिबात करू नका. आणि घरातलं आर्थिंग खरं आहे का तेही बघा. जांभ्यात पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून मे महिन्यात मोजून घ्या, श्रावणात नव्हे.

आखातातून किंवा बोटीवरून आलेले सेट किनाऱ्यावर घरोघरी आहेत. आधी पाठीमागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. 220 किंवा 240 असेल तर स्टेपडाउनची गरजच नाही. जपानच्या घरगुती बाजारातला सेट 100 व्होल्टचा असतो, आणि आपल्याकडचा स्टेपडाउन बहुधा 110 चा. रात्री लाईन 250 वर गेली की सेटला 120 च्या आसपास मिळतात. शिवाय स्टेपडाउन व्होल्टेज उतरवतो, 50 हर्ट्झचे 60 करत नाही. अमेरिकेतल्या 60 हर्ट्झच्या टर्नटेबलला एसी सिंक्रोनस मोटर (लाईनच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) असेल तर 33⅓ ची तबकडी इथे 28 पेक्षाही कमी फेऱ्यांनी फिरेल आणि गायिकेचा आवाज घोगरा येईल. तिथे 50 हर्ट्झची पुली लागते.

राहिला तो अर्धा तास. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नका. 60 किंवा 100 वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडीचा चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा, तसाच जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. झाकण उघडण्याआधी प्लग काढा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही फिल्टरमध्ये 300 व्होल्ट बसून राहू शकतात. ते काही हजार ओहमच्या, जाड वॉटेजच्या रेझिस्टरमधून उतरवा, एक हात खिशात ठेवा, आणि मीटर शून्याजवळ आल्याशिवाय आत बोट घालू नका.