घोरण्याचा आवाज गेला, श्वासाचं काय?

गेल्या आठवड्यात आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुपारी तोच माहेरच्या ग्रुपवर आला आणि रात्री मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: घोरणं हा आजार नाही, ती गाढ झोपेची खूण आहे. तरी घरच्यांना त्रास होत असेल तर डाव्या कुशीवर झोपा, डोक्याखाली दोन उशा घ्या आणि ऑनलाइन मिळणारं तीन-चारशे रुपयांचं माउथपीस दातांत धरा, सात दिवसांत घोरणं कायमचं बंद. झोपेच्या तपासण्या आणि मशीन हा नुसता धंदा आहे, त्याच्या नादी लागू नका.

यात बरंचसं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला या मेसेजची भीती वाटते. कुशीवर झोपल्याने फरक पडतो. माउथपीसनेही पडतो. हे दोन्ही उपाय झोपेचे डॉक्टर स्वतः सुचवतात. पण ते कोणाला द्यायचे, कसे द्यायचे आणि दिल्यावर काय तपासायचं, एवढं सगळं या मेसेजमधून गळलं आहे. अशाच एका मेसेजवर विसंबून आम्ही आमच्या घरातले चार महिने घालवले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा पहिला दावा. आपल्याकडे घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून मोकळं होतात, त्यामुळे तो पटतोही लगेच. झोपेत टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ, जिभेचं मूळ आणि घशाच्या भिंती सैल पडतात. वाट अरुंद होते, हवा जोराने जाते, मऊ भाग थरथरतो आणि आवाज येतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच संपते, हे मान्य. पण काहींची वाट नुसती अरुंद होत नाही, मिटते. छाती-पोट श्वास ओढायला धडपडत असतात आणि आत हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस दचकून मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. किमान दहा सेकंद श्वास अडला की एक घटना मोजतात. श्वास पूर्ण थांबला नाही, पण ठरावीक मर्यादेपलीकडे उथळ झाला, तर तीही मोजतात. तासाला पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढे तीव्र.

हे विरळा आहे असं समजू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मध्यमवयीन नोकरदारांची रात्रभर तपासणी करून १९९३ साली निष्कर्ष छापले गेले. त्यात २४ टक्के पुरुषांमध्ये आणि ९ टक्के स्त्रियांमध्ये तासाला पाच किंवा जास्त घटना आढळल्या. स्त्रियांचा आकडा मुद्दाम सांगते, कारण बाई घोरते हे घरात कुणी बोलत नाही आणि पाळी गेल्यावर तर धोका वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. दोन दिवस सगळीकडे चर्चा झाली, मग विसरलो.

गाढ झोपेबद्दल एकच विचारते. इतकी गाढ झोप मिळत असेल तर माणूस दिवसा पेंगतो का? माझा नवरा ठाण्याहून रबाळेला जायचा. ट्रान्स-हार्बर लोकलने पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचा प्रवास. त्यात तो बसल्या बसल्या झोपायचा आणि महिन्यातून दोन-तीनदा रबाळे मागे टाकून पार तुर्भ्याला जागा व्हायचा. आम्ही म्हणायचो, लोकलमध्ये कोण झोपत नाही? पण तासाभराच्या प्रवासात डुलकी लागणं वेगळं आणि सकाळी साडेआठला, रात्रभर झोपून उठलेल्या माणसाने रबाळ्याच्याही आधीचं ऐरोली येण्याआधी मान टाकणं वेगळं. ते आम्हाला दिसत होतं, कळत नव्हतं.

आता डावी कूस. मेसेजमध्ये त्यासाठी वामकुक्षीचा दाखला दिला आहे. वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. डाव्या कुशीवर झोपल्याने जळजळ आणि आंबट ढेकरा कमी होतात, याला आधारही आहे. पण तिचा घोरण्याशी संबंध नाही. घोरण्यात प्रश्न पाठीचा आहे. उताणं झोपलं की सैल पडलेली जीभ आणि जबडा आपल्याच वजनाने मागे, घशाकडे सरकतात. कुशीवर वळलं की ते वजन बाजूला जातं. मग कूस डावी असो वा उजवी, ज्याला जी सोसेल ती. डावा खांदा दुखतो म्हणून आमच्या शेजारचे एक काका हा उपाय सोडून पुन्हा उताणे झोपायला लागले. उजवी कूस चालते, एवढं कुणी सांगितलं असतं तर पुरलं असतं.

शिवाय कुशीचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. ॲप्नियाच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये उताणं झोपल्यावर घटना दुपटीने किंवा त्याहून जास्त होतात. त्यांच्यासाठी कूस हे खरंच औषध आहे. उरलेल्यांची वाट कुशीवरही मिटते. आपण कोणत्या गटात आहोत हे बायकोच्या कानांना कळत नाही. तपासणीच्या यंत्रात शरीर कोणत्या बाजूला आहे याचीही नोंद होते, तिथे ते कळतं.

आणि कुशीवर झोपायला जाणं सोपं, कुशीवर राहणं अवघड. टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायची युक्ती जुनी आहे आणि ती चालते. उताणं व्हायला गेलं की टोचतं, माणूस आपोआप वळतो. मीही नाक्यावरच्या शिंप्याकडून दोन टी-शर्टना खिसे लावून आणले होते. तीन आठवडे झाले आणि तो झोपेतच टी-शर्ट काढून टाकू लागला. बहुतेकांचं असंच होतं, काही महिन्यांनी चेंडू कपाटात जातो. पाठीला लावायची मऊ पिशवी किंवा लांब लोड जास्त टिकतो.

दोन उशांचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. दोन उशांवर फक्त डोकं उचललं जातं, हनुवटी छातीकडे जाते आणि घसा आणखी दुमडतो. उंची हवी असेल तर कमरेपासून वर उतार पाहिजे: गादीखाली पाचरीसारखा फोम, नाहीतर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

माउथपीसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. मेसेजसोबतच्या फोटोत जे दिसतं ते दात खाणाऱ्यांसाठीचं नाइट गार्ड आहे. ते दातांची झीज थांबवतं, जबडा जागचा हलवत नाही. घोरण्यासाठीचं उपकरण वेगळं. त्यात वरचा आणि खालचा असे दोन साचे असतात आणि ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला आहे, म्हणून जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. जीभच रबरी फुग्यात ओढून धरणारा एक प्रकारही आहे. दात नसलेल्यांना तो देता येतो, पण रात्रभर सोसणं कठीण.

ऑनलाइन मिळणारं बहुतेक गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं. आम्ही तेच आणलं. नवऱ्याच्या खालच्या दोन दाढा काढलेल्या, त्यामुळे पकड नव्हती. मध्यरात्री ते उशीवर सापडायचं. घट्ट बसावं म्हणून त्याने ते पुन्हा उकळून जोराने चावलं, तर सकाळी कानापुढचा सांधा इतका दुखायचा की भाकरी चावता येईना.

माझ्या धाकट्या भावाचं उपकरण कसं झालं ते पाहिलं तेव्हा फरक कळला. तो ऐरोलीत राहतो. तपासणीत त्याच्या घटना तासाला अकरा निघाल्या, त्याही मुख्यतः उताणं असताना. दाताच्या डॉक्टरांनी आधी हिरड्या, हलणारे दात आणि जबड्याचा सांधा पाहिला. दोन्ही बाजूंना पुरेसे धड दात आहेत का ते मोजलं, पूर्ण कवळी असलेल्यांना हे बसतच नाही. मग मापं घेतली, जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते पाहिलं आणि त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात केली. पुढे दर आठवड्याला थोडं थोडं, मिलिमीटरच्या अंशाने पुढे सरकवलं. पहिले दिवस तोंडातून लाळ गळायची, सकाळी दात नीट जुळत नसत. दीड महिन्याने सवय झाली. आणि मग, जे मेसेजमध्ये कुठेच नाही ते केलं: उपकरण तोंडात घालून पुन्हा तपासणी. अकराचे चार झाले होते. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून केलेल्या शिफारशीही हेच सांगतात: मापाचं, पुढेमागे करता येणारं उपकरण आणि नंतर खात्रीसाठी तपासणी. वर्षानुवर्षं वापरलं तर दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून अधूनमधून दाखवत राहायचं.

सात दिवसांत कायमचं बंद होण्याची गोष्ट सोडून द्या. चष्मा काढल्यावर जसं पुन्हा अंधुक दिसतं, तसंच हे. घातलं त्या रात्रीपुरतं. वजन उतरवणं, झोपण्याआधीची दारू बंद करणं, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घेणं यांनी मुळात फरक पडतो. विस्कॉन्सिनच्याच लोकांचा पुढे अभ्यास झाला, त्यात दहा टक्के वजन कमी होण्याबरोबर घटना सुमारे २६ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या.

उरला शेवटचा दावा, तपासणी म्हणजे धंदा. इथे मला राग येतो.

ते उकळून चावलेलं माउथपीस नवऱ्याने चिकाटीने घातलं आणि आवाज खरंच निम्मा झाला. मुलगी हॉलमधून पुन्हा आत झोपायला आली. आम्ही खूश. चार महिने. मग एका संध्याकाळी घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या सिग्नलला तो स्टिअरिंगवर झोपला. गाडी उभी होती म्हणून निभावलं. रक्तदाबाची दुसरी गोळी त्याच महिन्यात सुरू झाली होती. तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी घरीच तपासणी करायला लावली: छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. एक रात्र माउथपीस न घालता, एक रात्र घालून. न घालता तासाला चौतीस. घालून सत्तावीस, आणि ऑक्सिजन ८१ टक्क्यांपर्यंत उतरलेला.

आवाज येण्यासाठी हवा जावी लागते. वाट पूर्ण मिटली की आवाजही येत नाही. मी ज्या शांततेत समाधानाने झोपत होते, त्यातली काही मिनिटं माझ्या शेजारचा माणूस श्वास घेत नव्हता. त्यातही पहाटेच्या, स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वात सैल असतात, म्हणजे आपण स्वतः ढाराढूर असतो त्या वेळी हे सर्वात वाईट होतं.

आता तो सीपॅप वापरतो. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन वाट उघडी ठेवणारं हे मशीन सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडलं. त्याचं व्यसन लागत नाही. सौम्य किंवा मध्यम त्रासात ज्यांना मास्क सोसत नाही, त्यांना चांगलं बसलेलं माउथपीस जवळपास तेवढाच फायदा देऊ शकतं, कारण ते लोक जास्त तास घालतात. तीव्र त्रासात आधी सीपॅप. हे ठरवायला आकडा लागतो, आणि आकडा तपासणीतूनच येतो.

लहान मुलांबद्दल एकच: रोज घोरणाऱ्या मुलाला माउथपीस लावू नका, तोंडाला चिकटपट्टी तर मुळीच नको. बहुतेक वेळा टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मेसेज ज्या काकूंनी पाठवला त्यांच्याकडे मी त्याच संध्याकाळी गेले. काकांसाठी माउथपीस मागवून झालं होतं. मी त्यांना म्हटलं, माउथपीस परत पाठवू नका, पण आज रात्री उशाशी फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. सकाळी आम्ही दोघींनी ते ऐकलं. पहाटे चारच्या सुमाराला आवाज एकदम थांबला. काकूंनी घड्याळाकडे पाहून मोजायला सुरुवात केली. बाविसाव्या सेकंदाला काका धाप टाकल्यासारखा श्वास घेतात. डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे, मी सोबत जाणार आहे.