कीबोर्ड बडवून नगरी वसत नाही

‘फँटसी लेखकांचं गुपित’ नावाचा एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नवे शब्द बनवायला अक्कल लागत नाही, डोळे मिटून कीबोर्ड बडवा, मध्ये एक अपॉस्ट्रॉफी (’ हे चिन्ह) टाका, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्कीननेही आधी गोष्ट लिहिली, शब्द नंतर चिकटवले, आणि असले शब्द पुस्तकाबाहेर टिकत नाहीत. माझ्या भाचीने हे वाचून तिच्या कादंबरीतल्या नगरीचं नाव ‘ख्झ्र्घ्वाल’ ठेवलं. मोठ्याने वाच म्हटलं, तर तिलाच जमेना. म्हणून हा खटाटोप.

टॉल्कीनचं तर चक्क उलटं आहे. १९५५ साली अमेरिकन प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तो स्वच्छ सांगतो की भाषा रचणं हाच पाया. गोष्टी लिहिल्या त्या त्या भाषांना जग मिळावं म्हणून. माणूस भाषाशास्त्राचा प्राध्यापक, तरुणपणी ऑक्सफर्ड शब्दकोशात डब्ल्यूच्या नोंदींवर राबलेला. त्याने एल्फ लोकांसाठी रचलेल्या क्वेन्या भाषेवर फिनिशची छाप, सिंदारिन भाषेवर वेल्शची, आणि दोन्हींची पूर्वज भाषा एकच. क्वेन्यात कुठलाही शब्द ब, ड, ग यांनी सुरू होत नाही. म्हणून सिंदारिनमधली ‘गालाद्रिएल’ (त्याच्या गोष्टीतली एल्फ राणी) क्वेन्यात ‘आल्तारिएल’ होते. आता बडवा कीबोर्ड! पहिलं नाव एखादवेळ खपेलही. पण त्याच मुलखातली नदी, राणी, शिवी यांची नावं एका तोंडातून निघाल्यासारखी वाटायला हवीत ना? ती कुठून आणणार? शिवाय ‘ऑर्क’ (त्याचे राक्षसी सैनिक) आणि ‘एंट’ (चालतीबोलती झाडं) हे शब्द त्याने बनवलेच नाहीत, जुन्या इंग्रजीतून उकरून काढले.

बरं, ‘हॉबिट’ (त्याची बिळात राहणारी बुटकी माणसं) हा शब्द मात्र आपसूक सुचला, परीक्षेचे पेपर तपासताना, एका कोऱ्या पानावर. हे मान्य. पण तो तसाच सोडला नाही. पुढे जुन्या इंग्रजीच्या धाटणीचा ‘होल्बित्ला’, म्हणजे बीळ बांधणारा, असा शब्द घडवून ‘हॉबिट’ हे त्याचंच झिजलेलं रूप असावं, असं त्याने दाखवलं.

अपॉस्ट्रॉफीची हौस काही लेखकांना खरंच अती आहे, तिथे फॉरवर्डवाल्याला अर्धा गुण. हवाईयन लिपीत तशाच दिसणाऱ्या चिन्हाला स्वतःचा उच्चार असतो. यांच्याकडे ती नुसती नक्षी.

आणि टिकत नाहीत म्हणे! ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरलने १८७१ मध्ये एका कवितेत घातलेला ‘चॉर्टल’ (खुशीत खिदळणं) आज इंग्रजी शब्दकोशात आहे. ‘रोबो’ तर चेक लेखक कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून निघून मराठी बातम्यांत येऊन बसला. तो शब्द सुचवला कारेलच्या भावाने, योसेफने, वेठबिगारीसाठीच्या चेक शब्दावरून. डोळे उघडे ठेवून.