टॅब वाटून गणित येत नाही

मुलांच्या हाती टॅब दिले की निकाल आपोआप सुधारेल, असा टॅबवाटपाची बाजू घेणाऱ्या एका लेखाचा सूर आहे. दिल्लीत २०१५ साली ‘माइंडस्पार्क’ या संगणकावर शिकवणाऱ्या कार्यक्रमाच्या शाळेबाहेरच्या केंद्रांवर झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांत मुलांचं गणित आणि हिंदी खरंच सुधारलं. पण कशामुळे? सहावीतलं पोर प्रत्यक्षात तिसरी-चौथीत अडकलेलं असेल तर संगणक त्याला तिथूनच प्रश्न द्यायचा. शिवाय दीड तासातला निम्मा वेळ छोट्या गटात माणूसच शिकवायचा, हे सगळे सोयीस्कर विसरतात! आणि गंमत म्हणजे शाळेच्या गणिताच्या परीक्षेत फारसा फरक दिसला नाही, कारण तिथले प्रश्न इयत्तेप्रमाणे. मग आधी टॅबचं टेंडर काढायचं, की सहावीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवायची मुभा शिक्षकांना द्यायची?