नुसत्या वहीनं हाड जुळतं का? (काकांच्या कमेंटला उत्तर)

काका, नमस्कार. खुबा मोडलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवणारी वही, म्हणजे रजिस्ट्री, आपल्याकडेही हवी असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की नोंदी ठेवून खुब्याचं हाड जुळत नाही, आपल्याकडे बेडच नाहीत, दवाखानेवाले आकडे खोटेच भरणार, आणि लवकर ऑपरेशन केल्यानं माणूस वाचत नाही हे संशोधनात आलंय.

शेवटचं आधी घेतो. तुम्ही म्हणताय तो अभ्यास 2020 चा, 17 देशांतले जवळपास 3 हजार पेशंट, त्यात भारतातलेही होते. निदान झाल्यावर साधारण 6 तासांत ऑपरेशन आणि साधारण 24 तासांत ऑपरेशन, अशी तुलना होती. मृत्यूत फरक पडला नाही, खरंय, पण लवकरवाल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे त्यांचा उशीर तो एका दिवसाचा ओ! माझ्या आत्याला पाच दिवस पायाला वजन लटकवून ठेवलं होतं.

गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यातच बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला. आधी शुगर जास्त, मग ऑपरेशनला फिट असल्याचा शेरा मिळेना, मग इकोवाले (हृदयाची सोनोग्राफी करणारे) डॉक्टर परवा येणार, मग रविवार. पाचव्या दिवशी ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला, तोवर पाठीला बेडसोर. नंतर मी फॅमिली ग्रुपवरचे मेसेज बघत बघत सगळ्या वेळा कागदावर उतरवल्या तेव्हा कळलं, शुगर दुसऱ्याच दिवशी आटोक्यात आली होती, बाकीचे दिवस इकोची वाट बघण्यात गेले. दवाखान्यात कुणाला विचारावं तर प्रत्येकाला आपापल्या ड्यूटीपुरतंच माहीत. रजिस्ट्री म्हणजे हाच कागद, फक्त प्रत्येक पेशंटचा: कधी आली, कधी ऑपरेशन, कशासाठी थांबली, दुसऱ्या दिवशी उभी केली का, हाडाचं औषध सुरू केलं का, चार महिन्यांनी चालते का. असे शंभर कागद एकत्र ठेवले की इकोचा घोळ एकट्या आत्याचा होता का दर आठवड्याचा, ते लगेच दिसतं.

स्वीडननं हे 1988 ला सुरू केलं, इंग्लंडनं 2007 ला. इंग्लंडात 2007 मध्ये खुबा मोडल्यावर महिन्याभरात दगावणारे 10.9 टक्के होते, 2011 मध्ये 8.5. सगळं श्रेय वहीचं नाही बरं का. 2010 पासून 36 तासांत ऑपरेशन, वृद्धांच्या डॉक्टरांची तपासणी असे निकष पाळले तरच दवाखान्याला त्या पेशंटमागे जादा पैसे मिळायला लागले, आणि पाळले का नाही ते वहीतच दिसतं ना.

खोट्या आकड्यांचं म्हणाल तर भीती रास्त आहे. म्हणून तिकडे मृत्यूचा आकडा दवाखान्याच्या तोंडचा धरत नाहीत, सरकारी मृत्यू नोंदीशी ताडून घेतात. आपल्याकडे ते जमवायला वेळ लागेल, मान्य.

आणि बेडचं काय सांगताय काका, आत्यानंच ऑपरेशनआधी पाच दिवस एक बेड अडवून ठेवला होता की.

फक्त एका गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही. हे भरायचं कुणी? रेसिडेंट डॉक्टर पोरं आधीच छत्तीस-छत्तीस तास उभी असतात, त्यांच्या डोक्यावर अजून एक फॉर्म टाकायला मलाही जीवावर येतं. तुमच्या ओळखीत वॉर्डात काम केलेल्या कुणी सिस्टर असतील तर त्यांना विचारून बघा ना, रोज किती वेळ काढता येईल म्हणून.