'सगळं फुकट, तरी पोरं शाळा सोडतात': हे म्हणणं कुठे चुकतं

खान्देशात एक मजकूर बराच फिरतोय: "शाळा फुकट, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, तरी पोरं शाळा सोडतात, कारण आईबापाला शिक्षणाची किंमत नाही आणि पोरांना फक्त मोबाइल हवा."

पहिलं, 'सगळं फुकट'. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाला, म्हणजे आठवीपर्यंतच लागू आहे. खिचडीही आठवीपर्यंतच. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या मुलाला आश्रमशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर नववीची शाळा लांबच्या गावात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण एसटी फाट्यापर्यंतच येत असेल तर पाडा ते फाटा पायीच. संध्याकाळची गाडी चुकली की घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. मुलग्याला सवलतीच्या पासाचेही पैसे भरावे लागतात.

दुसरं, 'आईबापाला किंमत नाही'. हा आरोप सर्वांत अन्यायाचा आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी धरली जाते. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावं लागतं. दिवाळीनंतर टोळी गुजरातेत बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघते आणि उन्हाळ्यात परतते. दुसरं सत्र जवळपास सगळं बुडतं. घरी आजी नसेल तर धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी सोबत जाते. गुजरातेत शाळा जवळ असली तरी माध्यम गुजराती. सलग 30 दिवसांवर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, पण हजेरीपटावर नाव चालूच राहिलं तर शोध घेणार कोण?

यावर हंगामी वसतिगृह हा उपाय आहे: आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहून शिकतं. तो फसतो तारखेमुळे. टोळी निघून गेल्यावर मंजुरी आली तर ठेवायला मूलच उरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने सप्टेंबरमध्येच उचल घेतलेल्या घरांची यादी करावी, कोणतं मूल कोणाकडे राहणार ते लिहून घ्यावं आणि प्रस्ताव दिवाळीआधी पाठवावा. जे जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. परतलेल्याला वयानुसार वर्गात बसवणं बंधनकारक आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मात्र बुडालेल्या महिन्यांचा अभ्यास कोणी भरून काढला नाही, तर सातवीत बसलेल्या मुलाला भागाकार येत नाही आणि घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्याला पुस्तकातली मराठी आणखी परकी होते. ते पोर लाजेने उठून जातं.

मोबाइलचं काय? ऊसतोडीपायी शाळा सुटणं स्मार्टफोनच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

दहावीत नापास झालेल्यालाही 'याला शिकायचंच नव्हतं' म्हणतात. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं, पुरवणी परीक्षा असते आणि शाळा कधीच सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देता येते. पुरवणीचा फॉर्म भरायला निकालानंतर मोजकेच दिवस असतात. तेवढ्यात शाळेतून कोणीतरी घरी गेलं पाहिजे.