पदराचा तुकडा आणि ‘घरच्या आठवणी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

विद्युतचुंबकीय लहरी अडवणाऱ्या कापडांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवस तशीच ठेवली होती, कारण रागाच्या भरात लिहिलेले उत्तर पुढे लिहिणाऱ्यालाच खटकते. आपले म्हणणे थोडक्यात असे : चांदीचा मुलामा दिलेले कापड ‘९९.९ टक्के’ लहरी अडवते, हा आकडा प्रयोगशाळेतल्या सपाट तुकड्याचा असतो, अंगावरच्या कपड्याचा नसतो. मोबाइलच्या लहरींनी अपाय होतो हे सिद्ध झालेले नसताना असे लेख गरोदर स्त्रियांना घाबरवून कापड खपवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतात. लेखात ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द चुकीचा वापरला आहे. आणि अखेरीस, ‘येवल्याच्या घरच्या आठवणी सांगून पैठणीची ढाल होत नाही, हे विज्ञान नव्हे, भाबडेपणा आहे.’

शब्दाची चूक मला मान्य आहे. किरणोत्सर्ग हा युरेनियम-रेडियमसारख्या अस्थिर अणुकेंद्रकांमधून होतो, आणि मोबाइल किंवा वाय-फायच्या लहरींसाठी ‘प्रारण’ हाच योग्य शब्द आहे. हा फरक केवळ शब्दाचा नाही. क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ पाव किंवा अर्धा मिलिमीटर शिशाच्या तोडीचा जड ॲप्रन घालतो. तेथे चांदीच्या मुलाम्याचे झिरझिरीत कापड काहीही कामाचे नाही. मी लेखात दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपला आभारी आहे.

मात्र आपल्या शेवटच्या वाक्याबद्दल आभार मानता येत नाहीत. ते वाक्य माहितीतली उणीव दाखवण्यासाठी लिहिलेले नाही, लिहिणाऱ्याला त्याची जागा दाखवण्यासाठी लिहिलेले आहे. विणकराच्या घरातून आलेल्या माणसाने लहरींबद्दल बोलताना मागाचा उल्लेख केला, एवढ्यावरून त्याचे म्हणणे भाबडे ठरते, असे आपल्याला वाटत असेल, तर त्या आठवणी नेमक्या कशाच्या आहेत हे मला सविस्तर सांगावे लागेल.

माझे वडील येवल्यात खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, बसत आणि आई कांड्या भरत असे, म्हणजे विणण्याचा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळत असे. सात-आठ वर्षांचा असल्यापासून मीही कांड्या भरल्या आहेत. जरीची कांडी भरताना धागा चिमटीतून सोडावा लागतो, आणि रेशमाची सवय झालेल्या बोटांना तो पहिल्या दिवशी बोचतो, कारण वरून सोन्याचा धागा दिसणारी ती वस्तू आतून वेगळी असते. मधे रेशमाचा किंवा सुताचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती चपटी केलेली धातूची बारीक तार फेऱ्याला फेरा लावून गुंडाळलेली असते. खऱ्या जरीत ही तार चांदीची असते, हलक्या जरीत तांब्याची. हल्लीच्या बऱ्याच जरीत तारच नसते. प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा अतिशय पातळ थर आणि त्यावर रंगाचा लेप असतो. आई जुन्या साडीचा पदर दोन बोटांत चुरगाळून सांगत असे की त्यातली जरी कोणत्या प्रकारची आहे. त्याच कारणाने दारावर जुन्या साड्या विकत घेणारे येत, त्या जाळत आणि राखेतून चांदी काढत. म्हणजे पदराच्या आडव्या धाग्यांत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धातू अखंड गेलेला असतो, हे मला पदार्थविज्ञानाच्या तासाला बसण्यापूर्वीच माहीत होते. ते शब्दांत मांडता येत नव्हते, एवढेच.

आता या माहितीचा लहरींशी संबंध काय, हा प्रश्न आपण विचारला असता तर मला आनंदच झाला असता. नाशिकला पदविका घेतल्यानंतर मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नियंत्रण पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात एकवीस वर्षे काढली, आणि त्यातली बरीचशी चाचणी विभागात गेली. एका ग्राहकाकडे आमचा वजन नियंत्रक बसवला होता. पहारेकऱ्याने दाराशी उभे राहून वॉकीटॉकीचे बटण दाबले की त्याचा आकडा उडायचा आणि बटण सोडले की जागेवर यायचा. कार्ड दोनदा बदलले, वायर बदलल्या, अर्थिंग नव्याने केले. आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी दोष ग्राहकाच्या वीजपुरवठ्यावर ढकलून फाइल बंद करायला सांगितली. मी पॅनेलच्या दाराची फट मोजली. दाराच्या कडेने रबराची पट्टी होती आणि तिच्या लांबीएवढी फट लहरीला मोकळी होती. फट किती रुंद आहे याला फार अर्थ नसतो. ती किती लांब आहे आणि लहर किती लांबीची आहे, याला असतो. रबर काढून तेथे फोमवर वाहक कापड गुंडाळलेली पट्टी बसवली आणि आकडा उडायचा थांबला. ते कापड पॉलिएस्टरचे होते, त्यावर तांब्याचा आणि वर निकेलचा मुलामा होता. तांबे वीज वाहून नेते आणि निकेल त्याला हवेत काळे पडण्यापासून वाचवते. ती पट्टी हातात घेतल्यावर मला बोटाला तोच बोचरा, किंचित करकरणारा स्पर्श जाणवला.

त्या आठवड्यात मी आईच्या फाटलेल्या पैठणीच्या पदराचा टीचभर तुकडा चाचणी विभागात नेला. एका बाजूला लहर सोडणारा हॉर्न अँटेना, दुसऱ्या बाजूला ती झेलणारा, आणि मधे धातूच्या पत्र्याला पाडलेल्या चौकोनी खिडकीवर तो तुकडा चिकटपट्टीने पक्का केलेला, अशी मांडणी होती. दोन्ही अँटेना आडवे असताना, म्हणजे लहरीचे विद्युतक्षेत्र जरीला समांतर असताना, पलीकडे पोचलेल्या लहरीची ताकद दाखवणारी पडद्यावरची रेघ झटकन खाली आली. मग मी तुकडा काढून नव्वद अंशांत फिरवून परत चिकटवला. रेघ जवळजवळ होती तेथे परत गेली. तोच पदर, तीच चांदी, तीच लहर. फरक फक्त धाग्याच्या दिशेचा होता.

लेखात मी जे लिहिले होते ते हेच. क्षेत्र धाग्याला समांतर असेल तर धातूतले इलेक्ट्रॉन धाग्याच्या लांबीभर धावू शकतात आणि लहर उलट फेकली जाते. क्षेत्र धाग्याला आडवे असेल तर त्यांना धावायला धाग्याच्या जाडीएवढीच जागा उरते आणि लहर पार होते. पैठणीच्या पदरात ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, जरीचा असल्यामुळे ती एका दिशेपुरतीच आड येते. ‘पैठणी ही ढाल आहे’ असे वाक्य माझ्या लेखात कोठेही नाही. ते आपण माझ्या तोंडी घातले आणि मग त्याचेच खंडन केले. माझे म्हणणे असे होते की ताण्यातही ठरावीक अंतराने धातूचा धागा भरला आणि जेथे ताणा-बाणा एकमेकांना ओलांडतात तेथे धातूला धातू टेकला, तर तेच कापड दोन्ही दिशांनी काम करेल, आणि असे कापड विणण्याचे कसब येवल्यात आहे. धातूचा धागा रेशमासारखा ताण सोसत नाही, फणीत घासतो, गाठ धरत नाही. यंत्रमागाच्या वेगाला तो तुटण्याचा धोका असतो आणि हातमागावरचा माणूस त्याला सांभाळून नेतो. हे माझ्या वडिलांचे ज्ञान होते. त्याला आठवण म्हणायचे की विज्ञान, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला खरोखर कळलेले नाही.

आकड्यांबद्दल आपण ‘९९.९ हा जाहिरातीचा आकडा’ असे लिहिले आहे. जाहिरातवाले तो वापरतात म्हणून तो खोटा होत नाही. मोकळ्या अवकाशात लहरीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे गुणोत्तर ३७७ ओहम असते. कापडाच्या एका चौरसाचा रोध १ ओहम असेल, तर साध्या सूत्राने सुमारे ४५ डेसिबलची घट येते. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग पलीकडे जातो, ३० म्हणजे हजारातला एक (म्हणजेच ९९.९ टक्के अडते), ४० म्हणजे दहा हजारातला एक. १ गिगाहर्ट्झला लहर चांदीत साधारण २ मायक्रॉन (मिलिमीटरचे दोन हजारांश) खोलवर शिरते, आणि नायलॉनवरचा चांदीचा थर बहुधा त्याहून पातळ असतो. तरीही कापड काम करते, कारण ते लहर शोषत नाही, परतवते. हे आपल्याला माहीत असेल तर लपवायला नको होते, आणि माहीत नसेल तर इतक्या अधिकाराने लिहायला नको होते.

तुकडा आणि कपडा यांतल्या फरकाबद्दल मी वाद घालत नाही. गळा, बाह्या आणि खालचा घेर उघडे राहतात, लहरी तेथून आत जातात, हे उघड आहे, आणि सुमारे ३० मेगाहर्ट्झ ते १.५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात सपाट नमुना मोजण्याची जी अमेरिकी प्रमाणित पद्धत आहे, ती कपड्याबद्दल काही सांगत नाही. पण लेख कापडावर होता, शिवणकामावर नव्हता. धुण्याचा मुद्दाही तसाच : घामातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी चांदी काळवंडते, ब्लीचने लवकर जाते. ते मी लेखात एका ओळीत लिहिले होते आणि आपण ती ओळ वाचलेली दिसत नाही.

राहिला भीतीचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता’ असलेल्या २ब गटात ठेवले, आणि २०१२ मध्ये भारताने मोबाइल मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. या दोन नोंदींवरून मी कोणालाही कापड विकत घ्या असे सांगितलेले नाही. मी काहीही विकत नाही. गरोदर स्त्रियांचा उल्लेख लेखात एकदाही नाही. तो आपण आणला. लेखातली माझी उदाहरणे होती ती पॅनेलच्या दारातल्या पट्टीची, जप्त केलेला मोबाइल बाहेरून पुसला जाऊ नये म्हणून पोलीस वापरतात त्या पिशवीची, आणि वीज चालू असलेल्या उच्चदाब तारेवर काम करणारा लाइनमन घालतो त्या धातूच्या धाग्यांच्या पोशाखाची. तो पोशाख अंगाभोवती सगळीकडे एकच विद्युतदाब ठेवतो, आणि बाहेरच्या विजेचा आत परिणाम होत नाही, हे १८३६ मध्ये मायकेल फॅराडे या इंग्रज वैज्ञानिकाने धातू लावलेल्या खोलीत स्वतः बसून दाखवले, त्याचेच ते शिवलेले रूप आहे. यात भाबडे काय आहे?

तो पदराचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. चिकटपट्टीच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि एका कोपऱ्यात जरीची तार उसवून आतले रेशीम दिसते. आपल्याकडे मोजण्याची सोय असेल तर मी तो पाठवण्यास तयार आहे. समांतर धरा, मग नव्वद अंशांत फिरवा, आणि जे दिसेल ते येथेच लिहा. माझे म्हणणे चुकीचे निघाले तर मी ते याच पानावर मान्य करीन. बरोबर निघाले तर ‘भाबडेपणा’ हा शब्द आपण परत घ्यावा, कारण तो केवळ माझ्यासाठी लिहिलेला नव्हता.